नाव कमी करण्याबाबत

दाजीबानपेठेत सदाशिव खटावकरांचा एक लौकिक होता. ज्या कापडाच्या दुकानात ते अठ्ठावीस वर्षं ब्लाउजपीस आणि परकराचं कापड मोजून फाडत आले होते, तिथे मालकापासून हमालापर्यंत सगळे म्हणायचे, "सदूअण्णांचा कागद कधी अडत नाही." कुणाच्या आधारवर जन्मतारीख चुकली, कुणाच्या म्हातारीची पेन्शन थांबली, कुणाला जातीचा दाखला हवा झाला, की माणूस दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहायचा. कुठली खिडकी, किती झेरॉक्स, कुठला साहेब मंगळवारी जागेवर नसतो, सगळं त्यांना तोंडपाठ. त्याबद्दल ते कुणाचा चहासुद्धा घेत नसत. स्वतः दहावी नापास, पण सरकारी कागद आपलं ऐकतो याचा त्यांना मनातल्या मनात फार अभिमान होता.

म्हणून मुलीच्या फोनवर "शिष्यवृत्तीचा अर्ज परत पाठवला आहे" असा निरोप आला तेव्हा ते अजिबात घाबरले नाहीत. मालकाला सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, प्लास्टिकची फाईल काखेत मारली आणि भाग्यलक्ष्मीबरोबर चिगरी नावाच्या जलद शहरबसमध्ये बसून धारवाडला तिच्या कॉलेजात गेले. भाग्या तिथे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पहिली दोन वर्षं तिची फी शिष्यवृत्तीतूनच गेली होती. आता फक्त एक वर्ष उरलं होतं.

कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल अनिता मॅडम सांभाळायच्या. माहेर बेळगावचं, त्यामुळे त्या मराठीतच बोलल्या.

"बसा अण्णा. काय म्हणतंय ते वाचून दाखवते." त्यांनी चष्मा वर केला आणि पडद्यावरचं कन्नड वाचत मराठीत सांगितलं, "विद्यार्थिनी विवाहित. कुटुंब म्हणजे पती. पतीच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा. शेवटची तारीख तीस नोव्हेंबर."

"पण मॅडम, ती माझ्याकडे आहे. एप्रिलपासून."

"तुमच्याकडे आहे ते मला दिसतंय की. पण मी बघून चालत नाही ना. रेशन कार्डावरून कुटुंब धरतात. हिचं नाव सासरच्या, उणकलच्या कार्डावर आहे. आधारवर नवऱ्याचं नाव. लग्नाची नोंदणी केलेली. सगळीकडे एकच उत्तर येतंय."

भाग्या खाली बघत ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती. सदाशिवरावांनी फाईल उघडली आणि तशीच मिटली. दाखवायला त्यात काही नव्हतं. सगळीकडे एकच उत्तर येत होतं, कारण ते उत्तर त्यांनीच लिहून ठेवलं होतं.

गेल्या डिसेंबरात भाग्याचं लग्न झालं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. स्थळ चालून आलं होतं. आपल्याच जातीतलं, उणकलला नवं घर, मुलगा ओंकार गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात कायम. बाप नव्हता, आई राधाक्का तेवढी. "शिकू दे की मुलगी, आमची काय हरकत?" असं राधाक्का चार माणसांत म्हणाली, आणि सदाशिवरावांना आकाश ठेंगणं झालं. होतं नव्हतं ते सगळं लग्नात घातलं. लग्न होऊन अकरा दिवस झाले नाहीत तोवर त्यांनी भाग्याचं नाव आपल्या रेशन कार्डावरून कमी करून राधाक्काच्या कार्डावर चढवलं, आधारवर नवऱ्याचं नाव आणि उणकलचा पत्ता घातला, लग्नाची नोंदणी करून दाखला आणला. लोक ही कामं वर्षानुवर्षं रेंगाळत ठेवतात. "पुढे मुलीला काही अडचण नको," ते म्हणाले होते. राधाक्कानं तेव्हा कौतुक केलं होतं, व्याही असावेत तर असे.

चार महिन्यांत सगळं विसकटलं. आधी कॉलेज एक दिवसाआड झालं, मग घरात पाहुणे, मग सासूची कंबर. प्रॅक्टिकलची परीक्षा आली तशी भाग्याचा फोन लागेनासा झाला. शेवटी शेजारणीनं खिडकीतून दिलेल्या फोनवरून तिनं दोन वाक्यं सांगितली, आणि सदाशिवराव दुकानातून तसेच रिक्षा करून उणकलला गेले. मुलीला घेऊन आले. परीक्षा तिनं माहेरून दिली, पहिल्या वर्गात पास झाली. त्यानंतर समाजातली वडीलधारी मंडळी म्हणाली, घाईनं कोर्टात जाऊ नका, दोन्हीकडची माणसं आपलीच आहेत, वेळ जाऊ दे. त्यांनी वेळ जाऊ दिला.

"यातून वाट काय, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"एक तर नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला आणा. नाहीतर कोर्टाचा कागद, वेगळे राहतात म्हणून. नाहीतर तिचं नाव परत तुमच्या कार्डावर आणा, मग मी बघते. पण तीस तारखेच्या आत हं अण्णा. एकतीसला माझ्याच्यानं काही होणार नाही." नोव्हेंबरला एकतीस तारीख नसते हे दोघांच्याही लक्षात आलं, पण कुणी हसलं नाही.

सोळा दिवस हातात होते. यापेक्षा कमी दिवसांत त्यांनी लोकांची अवघड कामं केली होती.

दुसऱ्या दिवशी ते तहसीलदार कचेरीत रेशनच्या खिडकीवर गेले. तिथला पोरगेला कारकून त्यांना ओळखत होता. त्यानं नंबर घालून कार्ड काढलं आणि मान हलवली. नाव या कार्डावर चढवायचं तर आधी त्या कार्डावरून कमी व्हायला हवं. आणि कमी करायचं तर त्या कार्डाच्या प्रमुखानं येऊन मशीनवर अंगठा लावायला हवा. प्रमुख राधाबाई, म्हणजे राधाक्का.

"मुलगी स्वतः आली तर? तिचंच नाव आहे की."

"यजमान्रे, नन कैयाग एनिल्ल्री," कारकून दोन्ही हात उघडे करून म्हणाला. माझ्या हातात काही नाही. हे वाक्य सदाशिवरावांनी या खिडकीवर शंभर वेळा ऐकलं असेल, पण ते दुसऱ्यासाठी. तेव्हा ते मागे न हटता म्हणायचे, मग कुणाच्या हातात आहे ते सांगा. त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते निघालं नाही.

संध्याकाळी ते धारवाडला मुकुंदराव वकिलांकडे गेले. मुकुंदराव जुन्या ओळखीचे, दुकानाचं गिऱ्हाईक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सदाशिव, घटस्फोटाचा अर्ज लग्नाला वर्ष झाल्याशिवाय करताच येत नाही. राजीखुशीनं म्हणशील तर वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं. तोवर नुसतं विभक्त राहण्याचा अर्ज लावता येईल. तो लावू आपण."

"आणि निकाल?"

मुकुंदरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "तुला कुठल्या महिन्यातला हवाय?"

"याच."

"याच महिन्यात समन्स निघालं तरी साखर वाटीन मी," मुकुंदराव म्हणाले. तरी त्यांनी वकीलपत्र पुढे केलं आणि दुसऱ्या दिवशी भाग्याला सही करायला घेऊन यायला सांगितलं.

राहता राहिला नवऱ्याचा दाखला. हे सदाशिवरावांनी घरी कुणाला सांगितलं नाही. दुकानाच्या वसुलीला जातो म्हणून ते एका दुपारी गोकुळ रोडला गेले आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. ओंकार चिंध्यांना हात पुसत बाहेर आला, त्यांना पाहून थबकला, मग वाकून नमस्कारच केला. दोघं समोरच्या चहाच्या गाड्यावर बसले.

"भाग्या बरी आहे का, मामा?"

"बरी आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज मऊ ठेवला. आपण भांडायला आलो नाही हे त्याला कळावं म्हणून मधेमधे "ओंकारराव" म्हणत राहिले.

ओंकारनं एका शब्दानं नाही म्हटलं नाही. आत जाऊन पगाराची पावती आणि गेल्या वर्षीच्या पगाराचा कारखान्यानं दिलेला कागद घेऊन आला, दोन्हींची झेरॉक्स स्वतः काढून दिली. "दाखल्याच्या अर्जावर कुठे सही हवी ती सांगा, करतो," म्हणाला. सदाशिवरावांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. पगार, त्यावर ओव्हरटाइम. शिष्यवृत्तीची मर्यादा या एकट्याच्या कमाईनंच ओलांडली जात होती, राधाक्काची पेन्शन अजून धरायचीच होती. हा दाखला जोडला तर सरकारच्या लेखी भाग्या खात्यापित्या घरची सून ठरणार होती.

"चालत नाही का?" ओंकारनं विचारलं.

"जास्त आहे."

ओंकार ओशाळला. जणू जास्त पगार हाच त्याचा गुन्हा होता. "मग नाव कमी करण्याचं... कार्ड आईच्या नावावर आहे, मामा. माझी काही हरकत नाही. तुम्ही बोला आईशी. पण मी असं म्हणालो म्हणून सांगू नका."

लग्नाच्या वेळी या मुलाची हीच नम्रता सदाशिवरावांना फार आवडली होती. त्यांनी चहाचे पैसे दिले आणि उठले.

रविवारी सकाळी ते उणकलला गेले. राधाक्का दारातच मेथी निवडत बसली होती. त्यांना पाहताच लगबगीनं उठली, खुर्ची पुसली, आत जाऊन पोह्यांसारखा फोडणी दिलेला चुरमुऱ्याचा सुसला आणि चहा घेऊन आली. ओंकार घरात नव्हता, किंवा असला तरी बाहेर आला नाही. फरशी अशी लखलखत होती की सदाशिवरावांनी चपला काढल्यावर पायसुद्धा पुसले.

"खा अण्णा. व्याह्यांनी रिकाम्या पोटी बोलू नये."

त्यांनी दोन घास खाल्ले आणि विषय काढला. नुसता एक अंगठा. भांडण नाही, तंटा नाही. पुढचं पुढे बघू, पण मुलीचं वर्ष वाया जातंय.

राधाक्कानं पुढ्यातली मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "नाव कमी करायला आलात होय? अण्णा, नाव माणूस गेल्यावर कमी करतात. या घरातलं एकच नाव आजवर कमी केलंय मी. ह्यांचं. त्या दिवशी मशीनवर अंगठा लावला तो अजून जळतोय." तिनं उजवा अंगठा लुगड्याच्या पदराला पुसला. "जिवंत सुनेचं नाव मी नाही कमी करायची."

"तसं नाही, अक्का, हा नुसता कागद आहे."

"तुम्ही म्हणताय, कागद? तुम्ही?" ती हसली, पण वाईट हसली नाही. "पाठवून द्या तिला. शिकू दे. फी ओंकार भरेल, शिष्यवृत्ती कशाला मागायची दारोदार? माझं चुकलं असेल. म्हणते ना मी, चुकलं माझं. आणखी काय म्हणू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सदाशिवरावांनी कापड पारखण्यात जन्म घालवला होता, बोटं फिरवून सूत सांगायचे, पण समोरचं हे रडणं खरं की खोटं ते त्यांना सांगता येईना. ते उणकलच्या थांब्यावर आले आणि दोन बसगाड्या सोडून दिल्या. मनात एक विचार येत होता आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. विचार असा, की बाईचं चुकतंय तरी काय?

घरी आल्यावर जेवताना त्यांनी तो बोलून दाखवला. सरळ नाही. "राधाक्काकडे गेलो होतो," म्हणाले. "चुकलं म्हणत होती. फी भरतो म्हणतात. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

भाग्याची आई, सुशीलाबाई, भाकरी वाढत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. भाग्यानं ताटातून मान वर केली नाही. ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"त्या असंच म्हणतात, अप्पा. तुम्ही मला न्यायला आलात ना, त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा म्हणाल्या होत्या, चुकलं माझं, उद्या जा परीक्षेला. माझे केस विंचरून दिले. शेवया केल्या. सकाळी मी आवरून बसले तर बाहेरून कडी लावून देवळात गेल्या. कडी लावल्यावर खिडकीशी येऊन सांगितलं, भाग्या, दुधाखालचा गॅस बारीक कर गं."

त्या दिवशी ते पोचले तेव्हा कडी निघालेली होती, आणि हे तिनं आजवर सांगितलं नव्हतं. सदाशिवरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"पण तुम्ही म्हणत असाल तर जाते," ती पुढे म्हणाली. "जून-जुलैपर्यंत काढीन. डिग्री झाली की येईन परत."

"कुठेही जायचं नाही," सुशीलाबाई म्हणाल्या आणि भाकरी ताटात टाकली.

दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं. "नाही जायचं," एवढंच ते म्हणाले, पण ते आधी सुशीला म्हणाली होती, आणि भाग्याला हे कळलं होतं की अप्पांनी एकदा विचारून पाहिलं.

त्यानंतर एकच दार उरलं होतं, कल्याण खात्याचं जिल्हा कार्यालय. अनिता मॅडमनीच सुचवलं. नियमात परित्यक्ता असा शब्द आहे, म्हणाल्या. नवऱ्यानं टाकलेली बाई असेल तर कोर्टाच्या कागदाविनासुद्धा साहेब विचार करू शकतात, नगरसेवकाचं पत्र आणि दोन साक्षीदार लागतात. सदाशिवरावांनी एका दिवसात पत्र आणलं, साक्षीदार म्हणून दुकानातल्या दोघांच्या सह्या घेतल्या. हातापायांत पुन्हा जीव आला. जाताना बसमध्ये ते भाग्याशी पुढच्या एम.एस्सी.बद्दलसुद्धा बोलले.

साहेब मध्यमवयीन, शांत होते. घाईत नव्हते, तुसडेही नव्हते. त्यांनी कागद एकेक करून वाचले आणि मग कन्नडमधून भाग्याला नाही, सदाशिवरावांना विचारलं, "नवऱ्यानं घरातून काढलं का हिला?"

सदाशिवराव म्हणाले, "नाही साहेब. मी घेऊन आलो."

"ते लोक नांदवायला तयार नाहीत?"

"तयार... बोलावतात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग टाकलेली कशी म्हणू, यजमान्रे? टाकलेली असती तर मी आत्ता सही केली असती. तुम्हीच सांगताय, बोलावतात म्हणून."

"पण तिथे तिला कोंडून..."

"तक्रार केलीत का पोलिसांत?"

केली नव्हती. वेळ जाऊ दिला होता. साहेबांनी कागद नीट जुळवून, टाचणी लावून परत दिले.

जिना उतरताना भाग्या म्हणाली, "अप्पा, काढलं म्हणायचं होतं."

ती रागावून बोलली नव्हती. बस चुकल्यावर माणूस म्हणतो ना, थोडं आधी निघायला हवं होतं, तसंच ती म्हणाली. त्यामुळे ते जास्त लागलं. आयुष्यभर त्यांनी खिडकीवर विचारलेल्या प्रश्नाला जे खरं ते उत्तर दिलं होतं, आणि दुसऱ्यांनाही तेच शिकवलं होतं. खोटं कागदावर टिकत नाही, असं ते सांगायचे.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच पुन्हा गेले. रात्रभर मनात वाक्य घोळवलं होतं. साहेबांपुढे उभे राहून म्हणाले, "साहेब, काल मी लाजेपोटी सांगितलं नाही. मुलीला त्यांनी हाकलूनच दिलं."

म्हणताना त्यांची नजर टेबलावरच्या पेपरवेटवर होती. साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू, शिपायाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "काल तुम्ही वेगळं सांगितलंत. वयानं मोठे आहात. मला अडचणीत आणू नका आणि तुम्हीही येऊ नका." आणि त्यांनी सदाशिवरावांसाठी चहा मागवला. तो चहा घोटाघोटानं संपवून, कप स्वतः बाहेर ठेवून ते निघाले. असा अपमान पचवायची त्यांना सवय नव्हती. ओरडले असते साहेब तर बरं झालं असतं.

तीस तारखेला बापलेक अनिता मॅडमच्या टेबलाशी बसले होते. जोडायला काहीच नव्हतं. मुकुंदरावांनी दाखल केलेल्या अर्जाची पोच होती, ती मॅडमनी कोर्टाच्या आदेशाच्या रकान्यात चढवून बघितली. "चालणार नाही, पण रिकामं नको," म्हणाल्या. साडेपाचला दुसरी मुलं गेली, झाडूवाली आली, मॅडमच्या नवऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला तरी त्या उठल्या नाहीत. पावणेसहाला त्यांनी अर्ज पुढे पाठवला. चार दिवसांनी भाग्याच्या फोनवर कन्नडमधून एका ओळीचा निरोप आला. नाकारला.

प्राचार्यांनी फीसाठी जानेवारीपर्यंत मुदत दिली. त्याहून जास्त देता येत नाही, म्हणाले, आणि खरंच त्यांना देता येत नसावी. सुशीलाबाईंच्या पाटल्या लग्नातच गेल्या होत्या. दुकानाच्या मालकानं ऐकलं तेव्हा तो हळहळला, "सदूअण्णा, तुमचं काम अडलं?" म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून वळला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सदाशिवराव दुपारी जेवायला घरी आले तर भाग्या घरात होती. कॉलेजच्या वेळेला. विद्यानगरच्या एका रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोंदी ठेवायला मुलगी हवी होती, तिथे तिनं परस्पर बोलून घेतलं होतं, सोमवारपासून जायचं होतं. "पुढच्या वर्षी बघू, अप्पा," म्हणाली. "तोवर कोर्टाचंही काहीतरी होईल. मग अर्ज करता येईल."

शिक्षणात खंड पडलेल्यांना पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही, हा नियम सदाशिवरावांना माहीत होता. तरी ते हो म्हणाले.

दुकानाच्या पायरीशी लोक अजून येत. एकदा बाजूच्या भांड्याच्या दुकानातला रामू आपल्या बहिणीचं नाव सासरच्या कार्डावर चढवायचंय म्हणून विचारायला आला. सदाशिवराव कापडाची घडी घालत राहिले. "कशाला घाई?" म्हणाले. रामूला नवल वाटलं. आणखी काहीतरी सांगतील म्हणून तो थोडा वेळ उभा राहिला, मग गेला.

कोर्टाची पहिली तारीख फेब्रुवारीत पडली. व्हरांड्यात दोन्ही घरची माणसं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसली. ओंकारनं लांबूनच नमस्कार केला. राधाक्कानं डब्यातून शेंगदाण्याचे लाडू आणले होते, ते तिनं भाग्याकडे पाठवले आणि भाग्यानं ते घेऊन शेजारी ठेवले. साडेबाराच्या सुमाराला कळलं की न्यायाधीश रजेवर आहेत. पुढची तारीख एप्रिलची.

मुकुंदराव निघता निघता अर्जाची प्रत चाळत होते. "एक राहिलं," म्हणाले. "यात व्यवसाय विद्यार्थिनी लिहिलंय. आता नोकरी करते ना ही? दुरुस्ती करायची तर वेगळा अर्ज द्यावा लागेल. त्याला आणखी एक तारीख पडेल."

सदाशिवरावांनी भाग्याकडे पाहिलं. तिला अर्ध्या दिवसाचीच सुट्टी होती, ती घड्याळ बघत होती.

"राहू द्या तसंच," ते म्हणाले.

"उद्या समोरच्या वकिलानं हरकत घेतली तर?"

"तेव्हा बघू."

मुकुंदरावांनी प्रत पिशवीत टाकली. भाग्या जिन्याकडे निघालीसुद्धा होती, एकची बस गाठायला. सदाशिवराव फाईल घेऊन तिच्यामागून उतरू लागले. गर्दीत ती पुढे गेली, आणि खाली फाटकाशी पोचेपर्यंत त्यांना ती दिसली नाही.